चिकणमातीचा टक्का कमी, तरी फरशी दर ओल्या हंगामात वर का येते?

ओल्या हंगामात फरशी उचलली जाते, कोरड्यात पुन्हा बसते. दरवाजा चौकटीत घट्ट होतो आणि काही महिन्यांनी आपोआप मोकळा होतो. भेग बुजवावी, तर पुढच्या वर्षी तिच्याच शेजारून दुसरी फुटते. मातीचा अहवाल काढून पाहिला तर त्यात चिकणमाती २५ टक्के आणि शेरा ‘मध्यम’. दुसरीकडे ६० टक्के चिकणमातीवर उभी असलेली इमारत वर्षानुवर्षं जागची हललेली नसते. मग अहवाल खोटा की फरशीचं काम वाईट?

बहुतेक वेळा दोन्ही नाही. अहवालातला टक्का कणांचा आकार सांगतो, त्यांची जात सांगत नाही. २ मायक्रॉनपेक्षा बारीक कण वजनाने किती, एवढाच त्याचा अर्थ. ते कण कुठल्या खनिजाचे, त्यांना कुठले आयन (विद्युतभार असलेले अणू) चिकटलेले आणि माती जागेवर किती कोरडी, किती दाबलेली, यावर फुगवटा ठरतो. टक्क्याकडे एकट्याने पाहून उपाय ठरवला की तीच तक्रार परत येते. म्हणून शोध कोणत्या क्रमाने घ्यावा ते नीट सांगतो.

आधी खात्री करा: फुगतेय की खचतेय

भिंतीवरची तिरपी भेग पाहून लगेच निदान करू नका. भेग वरच्या टोकाला रुंद असेल तर भिंतीचा मधला भाग वर आलेला असतो किंवा टोकं खाली गेलेली असतात. खालच्या टोकाला रुंद असेल तर याच्या उलट. म्हणजे एकाच भेगेचे दोन अर्थ निघतात आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. खचणाऱ्या मातीसाठी केलेला उपाय फुगणाऱ्या मातीवर केला तर पैसे वाया जातातच, शिवाय खोदाईतून पाणी आणखी आत शिरतं.

फरक कळतो तो काळाच्या नोंदीतून. खचणं सहसा एकाच दिशेने चालतं आणि हळूहळू मंदावतं. फुगणं ऋतूबरोबर ये-जा करतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने बारीक खुणा करा, तारीख लिहा, महिन्यातून एकदा अंतर मोजा. फरशीची पातळीही घ्या, मध्यभागी आणि कडेला. ज्या बिंदूपासून पातळी मोजता तो मात्र त्याच मातीवरच्या ओट्यावर किंवा कुंपणाच्या भिंतीवर घेऊ नका. तोही वर-खाली होत असतो आणि सगळ्या नोंदी निकामी करतो.

इथे एक फसवणूक लक्षात ठेवावी लागते. नव्या बांधकामात पहिली काही वर्षं फरशीचा मधला भाग एकाच दिशेने वर येत राहतो. छप्पर आणि फरशीमुळे जमिनीचं बाष्पीभवन थांबतं, खालचा ओलावा साचत जातो आणि माती सावकाश फुगते. ऋतूची ये-जा दिसते ती कडेला, मध्यात नाही. गळका पाइप किंवा फुटलेलं ड्रेनेजही असाच एकतर्फी उठाव देतं, पण तो एका जागेभोवती केंद्रित असतो. पाण्याची लाइन दाबाखाली तपासणं हे सगळ्या माती चाचण्यांपेक्षा स्वस्त आहे, म्हणून ते आधी करा.

शक्य असेल तर इमारतीपासून थोडं दूर एक खड्डा घ्या. कोरड्या पृष्ठभागावर खोल, बहुकोनी भेगा असतील आणि खड्ड्याच्या बाजूला मातीची ढेकळं तिरप्या, घासून गुळगुळीत झालेल्या, चकाकणाऱ्या पृष्ठभागांवर सुटत असतील, तर शंकेला फारसा वाव उरत नाही. फुगताना मातीचे ठोकळे एकमेकांवर सरकतात आणि ती झिलई तयार होते. फुटलेल्या ढेकळावर बोट फिरवून पाहा, साबणासारखा हात लागतो.

टक्का का फसवतो

चिकणमातीची खनिजं म्हणजे सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाच्या अतिसूक्ष्म पत्र्यांची चळत. फुगवटा ठरतो तो या चळतीतले पदर एकमेकांना कशाने धरून आहेत यावर.

केओलिनाइटमध्ये एक पदर सिलिकाचा आणि एक अ‍ॅल्युमिनाचा, जाडी सुमारे ०.७२ नॅनोमीटर. शेजारचे पदर हायड्रोजन बंधांनी पक्के बांधलेले असतात. पाणी मध्ये शिरत नाही, ते कणाच्या बाहेरच्या बाजूला राहतं. एक ग्रॅम केओलिनाइटचा पृष्ठभाग साधारण १० ते २० चौरस मीटर भरतो.

इलाइटमध्ये दोन सिलिका पदरांमध्ये एक अ‍ॅल्युमिनाचा पदर असतो आणि अशा दोन संचांच्या मध्ये पोटॅशियमचे आयन घट्ट बसलेले असतात. ते पदरांना सुटू देत नाहीत. पृष्ठभाग ग्रॅममागे ६५ ते १०० चौरस मीटर.

माँटमोरिलोनाइटची रचना इलाइटसारखीच आहे, पण मध्ये पोटॅशियमचं कुलूप नाही. तिथे सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम असे अदलाबदल होणारे आयन सैलपणे असतात आणि ते पाणी ओढतात. पूर्ण कोरड्या अवस्थेत एका संचाच्या सुरुवातीपासून पुढच्या संचाच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर सुमारे ०.९६ नॅनोमीटर असतं. पाण्याचा एक थर आत गेला की ते सुमारे १.२५ होतं, दोन थरांनी १.५ च्या आसपास आणि तीन थरांनी १.९ च्या जवळ पोचतं. म्हणजे कणच आतून दुप्पट जाड होतो. ग्रॅममागे पृष्ठभाग ८०० चौरस मीटरपर्यंत जातो, कारण आतल्या भिंतीही पाण्याला उघड्या होतात.

आता हिशेब पाहा. मातीत ६० टक्के केओलिनाइट असेल तरी पाण्याला मिळणारा पृष्ठभाग ग्रॅममागे फार तर १२ चौरस मीटर. फक्त १० टक्के माँटमोरिलोनाइट असेल तर तो ८० पर्यंत जाऊ शकतो. म्हणून २५ टक्क्यांची माती ६० टक्क्यांच्या मातीपेक्षा कितीतरी जास्त हलू शकते, आणि यात अहवालाचा काही दोष नसतो.

अहवालात आधीच असलेल्या आकड्यांतून जात ओळखायची एक सोपी वाट आहे. मृदा अभियंते स्केम्प्टन यांनी १९५३ मध्ये ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ नावाचं गुणोत्तर मांडलं: प्लॅस्टिसिटी इंडेक्स (ओलाव्याच्या किती मोठ्या पट्ट्यात माती मळता येते त्याचा आकडा) भागिले २ मायक्रॉनखालच्या कणांचा टक्का. ०.७५ च्या खाली माती निष्क्रिय, ०.७५ ते १.२५ सर्वसाधारण, त्याच्या वर सक्रिय. केओलिनाइटची अ‍ॅक्टिव्हिटी सुमारे ०.४, इलाइटची ०.९, कॅल्शियम माँटमोरिलोनाइटची १.५ आणि सोडियम माँटमोरिलोनाइटची ७ च्याही वर. समजा एका मातीत चिकणमाती ६० टक्के आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्स २४, भागाकार ०.४. दुसरीत चिकणमाती २५ टक्के आणि इंडेक्स ४०, भागाकार १.६. पहिलीची काळजी सोडा, दुसरीच्या मागे लागा. दोन ओळींचा हा भागाकार कितीतरी अहवालांत कुणी केलेलाच नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आकडे तर समोरच छापलेले असतात.

मुळात टक्काच चुकला असेल तर

अ‍ॅक्टिव्हिटी फारच मोठी आली, म्हणजे ३-४ च्या पुढे, तर लगेच सोडियम माँटमोरिलोनाइट म्हणू नका. भाजक, म्हणजे चिकणमातीचा टक्का, लहान निघालेला असू शकतो. हा टक्का काढणाऱ्या हायड्रोमीटर चाचणीत (कण पाण्यात किती वेगाने खाली बसतात त्यावरून आकार ठरवतात) मातीचे कण सुटे झाले पाहिजेत. त्यासाठी सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटसारखं विखुरणारं द्रव्य घालून नीट घुसळावं लागतं. चुनखडी किंवा लोहाच्या ऑक्साइडने चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटलेले असतील तर त्यांच्या गुठळ्या गाळाच्या, म्हणजे चिकणमातीपेक्षा जाड कणांच्या, आकाराच्या होतात आणि गाळ म्हणूनच मोजल्या जातात. इंग्लंडमधला मर्शिया मडस्टोन यासाठी प्रसिद्धच आहे: आकाराच्या चाचणीत चिकणमाती कमी दिसते, खनिजांच्या चाचणीत ती बरीच जास्त निघते.

नमुना ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवून मग लिक्विड लिमिट (ज्या ओलाव्याला माती वाहू लागते तो आकडा) काढली असेल तर तीही काही मातींत खाली येते, विशेषतः ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या आणि हॅलॉयसाइट (केओलिनाइटच्या जातीचं खनिज) असलेल्या मातींत. हवेत वाळवलेल्या नमुन्यावर चाचणी पुन्हा करायला सांगा.

आणि नमुना घेतला कुठून? दोन मीटर खोलीतली माती एकत्र कालवून एक पोतं भरलं की त्यातला हातभर जाडीचा बेंटोनाइटचा (मुख्यतः माँटमोरिलोनाइट असलेल्या मातीचा) पट्टा सरासरीत हरवून जातो. अमेरिकेत डेन्व्हरच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी पिएर शेल हा खडक तीव्र उताराने कललेला आहे. त्यातले बेंटोनाइटचे पट्टे शेजारच्या पट्ट्यांपेक्षा जास्त फुगतात आणि रस्त्यांवर लांबच लांब वरंबे उठतात. तिथे सरासरी टक्का काढून काहीच हाती लागलं नसतं. थर बदलला की वेगळा नमुना घ्या.

दोन नळ्या, एक रॉकेलची

जात ओळखण्याची सर्वांत सोपी चाचणी कुठल्याही साध्या प्रयोगशाळेत होते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, वाळवलेली माती १०-१० ग्रॅम दोनदा तोलून घ्यायची. १०० मिलीच्या दोन मोजनळ्या. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत रॉकेल. काचेच्या कांडीने ढवळून अडकलेली हवा काढायची आणि २४ तास शांत ठेवायचं. रॉकेल ध्रुवीय नाही, त्यामुळे पदरांमध्ये शिरून ते फुगवत नाही. दुसऱ्या दिवशी तळाशी बसलेल्या मातीची घनफळं वाचायची. पाण्यातलं वजा रॉकेलमधलं, भागिले रॉकेलमधलं, गुणिले १००. हाच मुक्त फुगवटा निर्देशांक.

वाचताना नळी डोळ्याच्या पातळीला धरा. सक्रिय मातीत पाण्यातला थर जेलीसारखा मऊ दिसतो आणि वरची रेघ धूसर असते. रॉकेलच्या नळीत तीच माती दाणेदार, कडक रेघेने बसलेली असते. नुसता हा फरकही बरंच काही सांगून जातो. सोडियम बेंटोनाइट तर १०० मिलीची नळी भरून टाकतो, त्यासाठी माती कमी किंवा नळी मोठी घ्यावी लागते.

भारतीय मानकाच्या वर्गवारीत ५० च्या खाली माती निर्धोक, ५० ते १०० सीमेवरची, १०० ते २०० गंभीर आणि २०० च्या पुढे अतिगंभीर. समजा पाण्यात २२ मिली, रॉकेलमध्ये ११. निर्देशांक १००. चिकणमातीचा टक्का काहीही असो, ही माती हलणार.

यात एक खाच आहे. केओलिनाइट पाण्यापेक्षा रॉकेलमध्ये जास्त मोकळा बसतो, म्हणून उत्तर ऋण येतं. ते चुकीचं नाही, पण मातीत केओलिनाइट आणि माँटमोरिलोनाइट दोन्ही असतील तर एकाचा ऋण वाटा दुसऱ्याचा फुगवटा झाकतो आणि निर्देशांक ३०-४० असा सभ्य दिसतो. प्रकाश आणि श्रीधरन या संशोधकांनी म्हणूनच २००४ मध्ये नुसतं गुणोत्तर वापरायला सुचवलं: पाण्यातलं घनफळ भागिले रॉकेलमधलं. १ किंवा कमी म्हणजे न फुगणारी, केओलिनाइटची माती. १ ते १.५ म्हणजे मिश्रण. १.५ च्या पुढे माँटमोरिलोनाइटचं राज्य, २ च्या पुढे जास्त फुगवटा, ४ च्या पुढे अतिशय जास्त. मिश्रण निघालं की फक्त नळीवर विसंबू नका. जागेवरचा न ढवळलेला नमुना घेऊन कन्सॉलिडेशनच्या यंत्रात (मातीच्या चकतीवर वजन ठेवून तिच्या उंचीतला बदल मोजणारं यंत्र) प्रत्यक्ष फुगवटा आणि फुगण्याचा दाब मोजून घ्या.

क्ष-किरण विवर्तनाची (खनिजाच्या पदरांमधलं अंतर दाखवणाऱ्या चाचणीची) सोय असेल तर एकाच नमुन्याचे तीन आलेख मागा: हवेत वाळवलेला, इथिलीन ग्लायकॉल दिलेला आणि ५५० अंशांवर तापवलेला. सुमारे १.५ नॅनोमीटरचं शिखर ग्लायकॉलने १.७ वर सरकलं आणि तापवल्यावर १.० वर आलं तर ते माँटमोरिलोनाइटचं कुटुंब. ०.७ चं शिखर तापवल्यावर नाहीसं झालं तर केओलिनाइट. एकच आलेख घेऊन ‘फुगणारं खनिज नाही’ असा निष्कर्ष काढलेला दिसला तर तो मान्य करू नका.

कुठला आयन, कुठलं पाणी

माँटमोरिलोनाइट आहे हे कळलं तरी निम्मंच कळलं. पदरांमध्ये कॅल्शियम असेल तर फुगणं १.९ नॅनोमीटरच्या आसपास थांबतं, कारण दोन भारांचा आयन पदरांना धरून ठेवतो. सोडियम असेल तर ते तिथे थांबत नाही. संशोधक नॉरिश यांनी १९५४ मध्ये दाखवलं की सौम्य द्रावणात पदर ४ नॅनोमीटरच्या पलीकडे जातात आणि पुढे सुटतच राहतात.

हे ओळखायला मातीचा हरभऱ्याएवढा खडा शुद्ध पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. खडा नुसता विरघळून ढिगारा झाला आणि वरचं पाणी स्वच्छ राहिलं तर कॅल्शियमची शक्यता. खड्याभोवती दुधाळ ढग पसरत गेला आणि तासाभरानेही बसला नाही तर सोडियम. नळाचं किंवा विहिरीचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार ढग दाबून टाकतात.

क्षारांचा हाच परिणाम जागेवरही दिसतो. मातीतल्या पाण्यात क्षार जास्त असतील तर ती कमी फुगते. वर्षानुवर्षं पावसाच्या किंवा बागेच्या गोड्या पाण्याने क्षार धुऊन गेले की तीच माती जास्त फुगायला लागते. ‘दहा वर्षं काही झालं नाही, आता कसं झालं’ या प्रश्नाचं उत्तर कधीकधी इथे सापडतं.

माती तीच, पण भरणी वेगळी

एकाच खाणीतली माती, एक भाग हलतो आणि दुसरा नाही, असं दिसलं तर खनिजाकडे नाही, दाबण्याच्या नोंदीकडे पाहा. इष्टतम ओलाव्यापेक्षा (ज्या ओलाव्याला माती सर्वांत घट्ट दाबली जाते) कोरडी माती जोरात दाबली की तिला पाण्याची भूकही जास्त आणि फुगायला मोकळी जागाही कमी. पाणी कमी आणि रोलर जास्त, हे फुगणाऱ्या मातीसाठी सर्वांत वाईट मिश्रण. इष्टतमपेक्षा किंचित ओली ठेवून दाबलेली भरणी बरीच शांत राहते. घनता शंभर टक्के मिळाली म्हणून काम चोख झालं, हा समज इथे उलटा पडतो.

वजनाचाही प्रश्न आहे. समजा फुगण्याचा दाब चौरस मीटरला १०० किलोन्यूटन आहे. खांबाखालचा पाया १५० देत असेल तर तो हलणार नाही. फरशी जेमतेम ५-१० देते, ती उचलली जाणारच. म्हणून खांब जागेवर आणि फरशी, ओटे, कुंपणाच्या भिंती, कालव्याचं अस्तर वर, असं चित्र दिसतं. फरशी जाड करून हा दाब जिंकता येत नाही.

उपाय करताना

पाणी आधी. छपराचं पाणी पायापासून दूर, कडेने पक्का उतार, भिंतीला लागून बाग नको. मोठं झाड तोडण्याआधी थांबा: मुळांनी कोरडी केलेली माती झाड गेल्यावर पाणी परत घेते आणि वर्षानुवर्षं फुगत राहते.

फरशीखालची माती बदलायची असेल तर वाळूचा थर टाकायचा मोह होतो. वाळू पाणी साठवते आणि खालच्या मातीला सगळीकडे पोचवते. आयआयटी मुंबईत कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आलेली पद्धत वेगळी आहे: साधारण एक मीटर जाडीचा, चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा थर, नीट दाबलेला. अशी माती निवडताना वरची नळीची चाचणी आधी तिच्यावर करा.

चुना सोडियमच्या जागी कॅल्शियम बसवतो आणि पीएच वाढवून मातीला सिमेंटसारखी बांधतो. प्रमाण अंदाजाने ठरवू नका. मिश्रणाचा पीएच १२.४ पर्यंत नेणारं किमान प्रमाण हा जुना आणि चांगला निकष आहे. केओलिनाइटच्या मातीत चुना घालून फुगवटा कमी करायला निघालात तर कमी करण्यासारखं तिथे फारसं काही नसतंच.

चुन्याआधी मात्र सल्फेट तपासलंच पाहिजे. मातीत जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) असेल तर चुना, मातीतलं अ‍ॅल्युमिनियम, सल्फेट आणि पाणी मिळून एट्रिंगाइट बनतं. त्याच्या स्फटिकात पाण्याचे २६ रेणू सामावलेले असतात आणि ते वाढताना रस्ता उचलून टाकतं. लास व्हेगासच्या स्ट्युअर्ट अ‍ॅव्हेन्यूवर चुना दिलेली माती अशीच फुगली आणि १९८० च्या दशकात तिचा अभ्यास झाला. सल्फेट ०.३ टक्क्याच्या आत असेल तर धोका कमी, ०.८ च्या पुढे साधा चुना टाळा. ढेकळात पांढरे ठिपके दिसले तर त्यांवर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडा. फसफसलं तर चुनखडी. फसफसलं नाही, आणि खडा नखाने ओरखडला जात असेल, तर जिप्समचा संशय धरा आणि चुन्याची गाडी थांबवा.

भेग सर्वांत शेवटी बुजवा. पाण्याचा बंदोबस्त झाल्यावर एक ओला आणि एक कोरडा हंगाम पेन्सिलीच्या खुणा मोजत राहा. अंतर स्थिर झालं की ताणला जाणारा सीलंट भरा. खुणा अजून हलत असतील तर सीलंटचा डबा उघडूही नका, पुन्हा पाण्याच्या लाइनीपासून सुरुवात करा.